कोपराला आंबेहळद

१२ ऑक्टोबर, रविवार

आज शेडचं मोठं शटर उघडं ठेवून काम केलं. उन्हाळाभर एसीच्या घरघरीत काढल्यावर बाहेरचा वारा बरा वाटला, शेजारच्या गॅरेजचा पेंटचा वास असला तरी. शारजा इंडस्ट्रियलमध्ये बेसबॉल अकॅडमी! एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग, मधे आम्ही. दादा जळगावहून फोनवर म्हणाला, "म्हणजे गोडाऊनमध्ये पोरं चेंडू फेकतात आणि तू बघतेस?" हो. आणि मोजते. त्याचेच पैसे मिळतात.

आज बारा मुलं. गनवर वेग, कॅमेऱ्यात हात किती उंचीवरून सुटतो ते, चेंडूची फिरकी. पळायची टेस्ट मागच्या रस्त्यावर, ट्रक नसेल तेव्हा. ओजस ब्याऐंशी मैल, एकदा तर चौऱ्याऐंशी. सोळा वर्षांचं पोर! हेड कोच रेमनने गन माझ्या हातातून काढून घेऊन उलटसुलट बघितली. त्याच्या देशात, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, रस्त्यावरची पोरंसुद्धा हा खेळ खेळतात, त्यामुळे आमच्या क्रिकेटवाल्या पोरांकडून असा आकडा आला की त्याला आधी मशीनचीच शंका.

मला नाही येत शंका. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मॅचमध्ये या पोराने बाउंड्रीवरून फेकलेला चेंडू टप्पा न खाता कीपरच्या हातात गेला, तेव्हा मी पीटी टीचर म्हणून तिथे उभी होते. शिट्टी वाजवायची राहून गेली. जळगावला आम्ही सॉफ्टबॉल खेळलो ते निम्मे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्क्यांसाठी, सर्टिफिकेट लॅमिनेट करायला. पण कॅचर होते मी. चेंडू कुठून येतो आणि कसा येतो ते हाताला कळतं. पुढे शाळा सोडून इथे आले तेव्हा त्यालाही घेऊन आले.

दुपारी शिर्क्यांकडे जेवायला. ओजसचंच घर, अल मजाजमध्येच, माझ्या बिल्डिंगपासून दोन सिग्नल. रविवार म्हणजे तिथेच, हे आता विचारावंही लागत नाही. वैशालीने भरली वांगी केली होती. ग्राउंडवर मी "मिस", घरात "मावशी". ओजस चुकत नाही कधी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून वैशालीच्या किचनमध्ये. त्यांचा डब्यांचा धंदा वर्षभर, पण दिवाळीत फराळाच्या ऑर्डरींनी घराचं गोडाऊन होतं. मला चिवड्याची पाकिटं वजन करायला बसवलं. महेंद्र (ओजसचा बाबा) म्हणतो, "मोजमाप ताईंचं डिपार्टमेंट. एक दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही." वैशाली कुणाला तरी फोनवर भाव सांगत होती, "पंचेचाळीस दिर्हाम किलो. अहो, रुपयांत करू नका, हजाराच्या वर जातं, मग घशाखाली उतरणार नाही!"

एक बाई ऑर्डर न्यायला आल्या. वैशालीने ओळख करून दिली, "ह्या आमच्या नंदाताई. घरच्याच."

घरच्याच. तीन पाकिटांत चिवडा जास्त पडला माझ्याकडून. परत काढला.

महेंद्र येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतोय की मुलगा जानेवारीत बेसबॉलच्या कँपला जाणार, तीन महिने, रेमनच्या देशात. अजून टेस्ट व्हायची आहे, बारातून दोघेच निवडायचेत, हे मी दोनदा म्हटलं. "इन्शाल्ला हो ताई, तुम्ही असल्यावर काय!"

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन शिर्क्यांकडे. मला नवी साडी दिली, वर पाया पडायला ओजस. त्याच्या केसांना सुगंधी तेलाचा वास. दादाचा फोन आला तेव्हा तिथेच होते, मागे सगळ्यांचा गलका. दादाला बरं वाटलं असावं. "आहेस ना माणसांत?" म्हणाला.

आहे. मग आठ वाजता घरी आले. लिफ्टमध्ये एक फिलिपिनो मुलगी साडीकडे बघून "हॅपी दिवाली मॅम" म्हणाली. फ्लॅटमध्ये एक पणती लावली, जराशाने विझवली, कारण धुराचा डिटेक्टर वाजला तर वॉचमन येतो.

पंचवीस वर्षं झाली या देशात. लग्न केलं नाही, त्याची खंत नाही, खरंच नाही. पण एकटीला कोथिंबिरीची जुडी संपत नाही. दर आठवड्याला निम्मी फेकते. आज एकटं वाटलं, लिहून टाकलं.

२ नोव्हेंबर, रविवार

ओजस अठ्ठ्याहत्तर. मग सत्त्याहत्तर. दिवाळीची सुट्टी, फराळ, ठीक आहे. पण कॅमेऱ्यात हात खाली आलाय. चेंडू सुटायची जागा महिन्यापूर्वीपेक्षा चांगली वीतभर खाली आणि बाहेर. खांदा दमला की असं होतं. किंवा कोपर दुखत असलं की. माणूस नकळत दुखणाऱ्या जागेला वाट काढून देतो.

विचारलं. "आय अ‍ॅम फाइन, मिस. जस्ट स्टिफ."

"कुठे स्टिफ?"

"जनरली."

जनरली म्हणे. साठ वर्षांच्या म्हाताऱ्यासारखं उत्तर.

रेमनला आकडे दाखवले, त्याने खांदे उडवले. पुढच्या रविवारची टेस्टच खरी, म्हणाला. त्याची मार्कांची पद्धत मला पहिल्यापासून आवडते. वीस ते ऐंशी. शून्य कुणाला नाही, शंभरही कुणाला नाही. ओजसच्या हाताला त्याने साठ दिलेत, इथे आल्यापासून कुणाला दिले नव्हते. माझ्या स्वयंपाकाला पस्तीस, तेही भीड म्हणून.

जेवायला गेले. ओजस वरण-भात चमच्याने खात होता, डाव्या हाताने. वैशाली हसली, "साहेब झालाय आमचा." मीही हसले.

५ नोव्हेंबर, बुधवार

साडीचा ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणून संध्याकाळी वैशालीकडे गेले, न सांगता. ओट्यावर सहाण होती. त्यावर उगाळलेला पिवळा लेप, कडेला तांबूस. वासावरूनच कळलं. आंबेहळद आणि रक्ताबोळ. आमच्या घरी कुणी सायकलवरून पडलं की हाच लेप, गरम करून.

"कुणाला लागलं गं?"

वैशालीचा हात थांबला. "ओजस. बाथरूममध्ये घसरला. कोपर टेकलं. काही नाही हो, मुका मार."

"कधी?"

"झाले की चार-पाच दिवस."

रविवारी तर तो माझ्यासमोर होता. घसरल्याचं बोलला नाही कुणी. तो आतल्या खोलीत अभ्यास करत होता, दार लोटलेलं. मी जाऊन कोपर बघायला हवं होतं. कोन मोजायची पट्टी माझ्या पर्समध्येच असते.

वैशालीने चहा टाकला. म्हणाली, रविवारी पुरणपोळी करते, टेस्ट झाली की थेट इकडेच या. मी हो म्हटलं. घसरला असेल. बाथरूमच्या टाइल्स असतातच बुळबुळीत.

९ नोव्हेंबर, रविवार

टेस्ट. सगळं नीट लिहायला हवं.

ओजस लांब बाह्यांचा घट्ट टीशर्ट घालून आला. बाकी सगळे अर्ध्या बाह्यांत. सुरुवातीचे चेंडू शहात्तर-सत्त्याहत्तर. रेमनने ओठ मुरडले. पुढे वेग तेवढाच पण फिरकी एकदम वाढली. वेग कमी आणि फिरकी जास्त, असं आपोआप होत नाही. रेमन तरातरा कॅचरकडे गेला, चेंडू हातात घेतला, अंगठ्याने चोळला. मग नाकाशी नेला. मग मला हाक.

"नंदा. व्हॉट इज धिस?"

पांढऱ्या चेंडूवर पिवळे ठसे. बोटांचे. तसे तीन चेंडू निघाले. ओजसच्या उजव्या मनगटाशी टीशर्टची बाही पिवळी, ओली. घामाबरोबर लेप खाली ओघळलेला आणि हा सारखी बाही ओढत होता.

बेसबॉलमध्ये बोटांना चिकट काही लावून फेकणं म्हणजे चोरी. त्याने चेंडू जास्त फिरतो. मोठमोठे खेळाडू याच्यावरून मैदानाबाहेर गेलेत. रेमनने तिन्ही चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घातले. ओजसला विचारलं, हे काय आहे. ओजस गप्प. परत विचारलं. गप्प. माझ्याकडे बघितलं एकदा, मग जमिनीकडे.

मला माहीत होतं. त्या शेडमध्ये आम्हा दोघांनाच माहीत होतं. आंबेहळद म्हटलं की पुढचा प्रश्न कशाला लावली.

मी म्हटलं, "आय विल फाइंड आउट." भित्री.

पुरणपोळीला गेले नाही. डोकं दुखतंय कळवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

रेमनने बसवून घेतलं. म्हणाला, दुखावलेला हात मी समजू शकतो, हळू हात समजू शकतो, चोर नको. गुरुवारपर्यंत सांग ते काय आहे. तुमच्याकडचं काही असेल, पूजा-बिजा, तर तसं सांग, तू सांगशील ते मी मानेन. मग शनिवारी शेवटची फेरी आहे, त्यात त्याला परत फेकू देतो, हात धुऊन, अर्ध्या बाह्यांत. नाहीतर नाव काढून टाक.

"यू आर सेम पीपल. यू नो."

सेम पीपल. बारा मुलं, चार कोच, दोन मॅनेजर. ओजस सोडला तर मराठी कळणारी मी एकटी. रक्ताबोळ चिकट असतोच, त्यामुळे रेमनचा संशय अगदी हवेतला नाही, हे आणखी एक.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शिर्क्यांनी बोलावलं. ओजस क्लासला गेला होता, मुद्दाम ती वेळ धरली असणार. महेंद्रने टीव्ही बंद केला. मग वैशाली एकदम रडायलाच लागली.

घसरला वगैरे नाही. सप्टेंबरपासून दुखतंय कोपर. आधी फेकल्यावर दुखायचं, आता दप्तर उचलतानासुद्धा. डॉक्टरकडे नेला नाही, कारण डॉक्टर नक्की बंद करा म्हणणार.

"एवढं जानेवारीपर्यंत निघू दे, ताई," महेंद्र म्हणाला. "तिकडे खेळाडूंचे डॉक्टर असतात. एकदा सिलेक्ट झाला की तेच बघतील. इथे आता काही निघालं तर खलास."

मग वैशालीने तिचं ठरलेलं सांगितलं. देवघरात जेजुरीचा भंडारा असतो. माहेर सासवडचं, खंडोबा कुलदैवत. टेस्टला जाताना आईने कपाळाला भंडारा लावला, हाताला लावला, घामाने उतरला. "खोटं काय त्यात? लावतेच मी. परीक्षेला जातानाही लावते. तुम्ही फक्त त्या रेमनला समजावून सांगा. तुमचं तो ऐकतो."

खरंच ऐकेल. अगदी चपखल बसतंय. हळद, देव, आईची माया. रेमन स्वतः गळ्यातला क्रॉस चुंबून फेकायला लावतो पोरांना, त्याचे डोळे पाणावतील. पोरगा चोर नाही ठरणार, आजारी नाही ठरणार, आणि शनिवारी परत फेकेल.

शनिवारी परत फेकेल, तिथेच माझं गाडं अडतं. अशा कोपराने पूर्ण जोर लावून फेकायचं. आतला बंध तुटला तर ऑपरेशन, वर्षभर बंद, सोळाव्या वर्षी.

मी म्हटलं, विचार करते.

"विचार काय करायचाय, ताई?" वैशाली म्हणाली. "तुमचाच आहे ना तो?"

निघताना नेहमीसारखा डबा दिला. घेतला मी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ओजसला खालिद लगूनवर बोलावलं. शाळेनंतर, एकटाच ये म्हटलं. बाकावर बसलो. समोर बायका बाबागाड्या घेऊन चालत होत्या, एक म्हातारे पठाणकाका मक्याची कणसं विकत होते. त्याला कणीस घेऊन दिलं. डाव्या हातात धरलं त्याने.

"उजव्या हाताने खांद्याला बोट लाव."

लागलं नाही. अर्ध्यावर आलं आणि थांबलं.

"सरळ कर."

सरळही होत नव्हतं पूर्ण. पट्टी काढायची गरजच नव्हती, तरी काढली, हाताला काम म्हणून.

रागावणार होते. दोन महिने लपवलंस, माझ्यापासून लपवलंस, वगैरे तयार करून आले होते. त्याच्याकडे बघितल्यावर राहू दिलं. मिसरूड फुटायला लागलेला मुलगा, कणसाचा दाणा हनुवटीला चिकटलेला.

विचारलं, "तुला काय हवंय? आई-बाबांना काय हवंय ते कळलं मला."

त्याने कणीस बाकावर ठेवलं. मग म्हणाला, "आय डोन्ट वॉन्ट टु थ्रो ऑन सॅटर्डे, मिस. इट हर्ट्स सो बॅड." आणि लगेच, "बट प्लीज डोन्ट टेल देम आय सेड धिस. बाबा टोल्ड एव्हरीवन. प्लीज."

"मग मी काय सांगू रे त्यांना?"

"यू टेल देम यू डिसायडेड."

तिथे, त्या घराबाहेर, "मावशी" नाही म्हणाला. मिस म्हणाला. मिसच काहीतरी करू शकेल असं वाटलं असेल.

शब्द दिला. घरी चालत आले. सरळ हिशेब आहे, आणि त्यात मला कुठेच सुटका दिसत नाही. भंडारा म्हटलं तर पोराचा हात जाणार. खरं सांगितलं तर ते घर जाणार, आणि पोरानेच सांग म्हटलं होतं असं म्हणायची सोय नाही. मला रविवार हवे आहेत. बावन्न वर्षांच्या बाईने हे लिहिताना लाजायचं कशाला? मला ते "घरच्याच" फार हवं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

रेमनला सहाण समजावून सांगताना घाम फुटला. दगड, त्यावर मूळ घासायचं, सूज उतरते. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सो नॉट अ चीट."

"नो. नॉट अ चीट. हर्ट."

त्याने पिशवीतले चेंडू बाहेर काढून परत टोपलीत टाकले. चेहरा सैल झाला त्याचा. म्हणाला त्याची आजी कसलासा पाला बांधायची. मग तोही बसला कपाळ धरून. साठ मार्कांचा हात. कोपर दुखतंय अशा मुलाला मी विमानात बसवू शकत नाही, म्हणाला. एमआरआय करायचा, अकॅडमी करेल. जानेवारीतून नाव बाहेर.

"तुला कधीपासून माहीत?"

लेप मागच्या बुधवारी पाहिला, म्हटलं. रविवारी टेस्टला उभं करायच्या आधी चार दिवस. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

शिर्क्यांना मीच फोन केला, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. महेंद्रने घेतला. सांगितलं की मी सांगितलं. मग म्हणाला, "बरं." मागून वैशालीचा आवाज, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. फोन ठेवला गेला.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल ओजसशिवाय सगळ्यांनी फेकलं. दोघं निवडले गेले, एक केरळचा मुलगा, एक पाकिस्तानी. छान आहेत दोघं.

आज शेडवरून घरी आले. खिचडी केली. बरोबर कोण होतं? टीव्हीवर पाककृती दाखवणाऱ्या बाई. त्यांनी चार जणांचं प्रमाण सांगितलं.

वैशालीचा डबा धुऊन ठेवलाय. रिकामा परत करत नाहीत, काहीतरी घालून करतात. काय घालू? मी केलेलं काहीही त्यांच्या घरच्यापुढे पस्तीस मार्कांचंच. आणि दार उघडतील का हाही प्रश्न आहेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एमआरआय झाला. बंध तुटलेला नाही, ताणलाय, सुजलाय. डॉक्टरांनी तीन महिने फेकायचं नाही म्हणून सांगितलं. पुढचं तेव्हा बघू, बहुतेक बरं होईल, खात्री नाही. शनिवारी फेकला असता तर काय झालं असतं हे मी रेमनसमोर विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं फेकला नाही."

वाटलं होतं हे ऐकून मोकळं वाटेल. वाटलंही, गाडीत बसेपर्यंत.

वैशालीचा मेसेज आला. सोबत फाइल. "मॅडम, रिपोर्ट जोडला आहे. धन्यवाद."

मॅडम. दोन वर्षांत पहिल्यांदा. रडू आलं, अगदी भर पार्किंगमध्ये.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुबई मरीनाला ऑफिसात मीटिंग. काचेतून खाली होड्या, आत स्लाइड्स. निवडलेल्या दोघांची नावं पडद्यावर आली, टाळ्या. मॅनेजरने विचारलं, ओजस शिर्केची फाइल बंद करायची ना? मी म्हटलं नको, कोपर किती वाकतं ते दर आठवड्याला मोजलं पाहिजे, मी मोजेन. रेमन म्हणाला, "शी विल मेजर." फेब्रुवारीअखेर परत बघू म्हणाले. बघू म्हणजे बघू, त्यात काही लिहून दिलेलं नाही.

पालकांची परवानगी लागेल. फॉर्म ऑफिसने पाठवला, मी नाही.

३ डिसेंबर, बुधवार

नॅशनल डेच्या सुट्ट्या. समोरच्या बिल्डिंगवर अजून झेंडे. कॉर्निशला दोन फेऱ्या मारल्या. मका घेतला नाही.

शिर्क्यांच्या बिल्डिंगखालून गेले. मुद्दाम नाही, रस्ताच तिकडून आहे. ठीक आहे, मुद्दाम. त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत होते, ओजसची पांढरी पँट ओळखली. वर बघत उभी राहिले तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, किसके घर जाना है?" किसीके नहीं, म्हटलं.

दादाचा फोन. "रविवारी काय केलं त्यांनी जेवायला?" विचारतो नेहमी, जिभेचे चोचले. मी थाप मारली, पाटवड्यांची आमटी.

७ डिसेंबर, रविवार

फॉर्म सही होऊन आला होता. तरी येतील की नाही शंका होती. साडेदहाला महेंद्रची डिलिव्हरीची व्हॅन शेडसमोर लागली. चालवत वैशाली होती. उतरली नाही. काच वर, इंजिन चालू.

ओजस आत आला. वजन उतरलंय थोडं. कोपर मोजलं. सरळ करताना अजून अडतंय, पण वाकणं सुधारलंय, चांगलं सुधारलंय. आता बोट खांद्याला लागतं. त्याला दाखवलं पट्टीवर. हसला. हसल्यावर पटकन शटरकडे बघितलं.

"विल इट कम बॅक, मिस? द एटी-फोर?"

"माहीत नाही."

"ओके."

मला वाटतं त्याला हे आवडलं, की मी उगाच हो म्हटलं नाही. बाकी पोरं मागे फेकत होती, त्यांच्या चेंडूंचा आवाज येत होता, तो ऐकत होता. मी त्याला लगेच बाहेर घेऊन गेले.

व्हॅनच्या काचेवर टकटक केली. काच अर्धी खाली आली. आत मसाल्याचा वास, मागे डब्यांच्या रांगा. वैशाली समोर बघत होती.

"किती आलं?"

सांगितलं. चांगलं आहे, म्हटलं, आधीपेक्षा खूप चांगलं. तिने मान हलवली. ओजस पलीकडून शेजारच्या सीटवर येऊन बसला, पट्टा डाव्या हाताने लावला. मी डबा पुढे केला, त्यात शेंगदाण्याचे लाडू घातलेत, मीच वळलेले. तिने घेतला, मांडीवर ठेवला. मला वाटलं आता काच वर जाणार.

मग ती वळली माझ्याकडे. डोळे लाल. "एक विचारते, मॅडम. आम्हाला काय वाटतं ते सोडा. त्याचं होतं ना सगळं, त्याला तरी विचारलं होतं का तुम्ही? एकदा तरी?"

ओजसचा हात पट्ट्यावर तसाच थांबला.

मागे टायरवाल्याच्या ट्रकने हॉर्न लावला होता. "यल्ला, यल्ला" म्हणत ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत होता. वैशाली तिकडे बघतसुद्धा नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "नाही विचारलं. मीच ठरवलं."

तिने गिअर टाकला. ओजसने मान वर केली नाही. व्हॅन वळली तेव्हा काच अजून अर्धी उघडी होती. पुढच्या रविवारी साडेदहाला परत मोजायचंय.